द्वारकाबाईचं नाक

"बाहेर! सगळ्या बाहेर व्हा!" द्वारकाबाई ओरडली, आणि हॉलात बियाणं निवडत बसलेल्या वीस बाया सुपं तशीच टाकून अंगणात पळाल्या. या महिन्यातली ही चौथी वेळ होती.

मालक काकासाहेब ऑफिसातून तणतणत आले. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांचं बियाण्यांचं शीतगृह होतं. भिंतीच्या एका बाजूला अमोनिया गॅसवर चालणारी मशिनरी, दुसऱ्या बाजूला या बाया. गॅस सुटला तर आधी त्यांच्याच छातीत जाणार.

"कुठाय वास?" काकासाहेबांनी जोरात हुंगलं. "मला तर काही येऊन न्हाई राह्यला."

"हाय," द्वारकाबाई म्हणाली. "माझी सून वंदना खोकली, तव्हाच वळखलं मी."

"खोकला सर्दीनं येत न्हाई का?"

"सर्दीनं आला आसन तर तुमची दुपार जाईल. गॅसनं आला आसन तर बाया जातील. मी दुपार घालवते."

काकासाहेब पाय आपटत ऑफिसात परतले. दुसरं करणार तरी काय? अठरा वर्षं त्यांच्याकडे गॅस ओळखायची एकच सोय होती, ती म्हणजे द्वारकाबाईचं नाक. कामाला लागली त्याच वर्षी तिनं पाइपातली बारीकशी गळती नुसत्या वासावर शोधून दिली होती. तेव्हापासून तिचा शब्द शेवटचा. दोन वर्षांपूर्वी तापानं तिला महिनाभर अंथरुणाला खिळवलं, तेव्हा काकासाहेबांनी रोज माणूस पाठवून चौकशी केली. त्यातली माया द्वारकाबाईवर किती आणि तिच्या नाकावर किती, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पण त्या आजारातून उठल्यापासून बाई भलतीच कडक झाली होती. पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी काम थांबायचं, आता महिन्यातून चारदा. शेवटी काकासाहेबांनी नवीन जालन्यातून अकिबला बोलावलं. गॅस सुटला की बोंब मारणारी यंत्रं बसवणं हा त्याचा धंदा.

अकिबनं सगळी जागा हिंडून पाहिली. "साहेब, बारा-पंधरा मशिनीचा खर्चा करायची गरज न्हाई. चार बस झाल्या. दोन मशिनरीपाशी, एक थंड खोलीत, एक बायांच्या डोक्यावर."

"एकच लाव. माझ्या ऑफिसाच्या दाराशी. तपासणीवाल्याला आल्या आल्या दिसली पायजे," काकासाहेब म्हणाले. "आन् स्वयंपाकाच्या गॅसची सस्तात मिळती, तसली आण."

"ती बिलकुल चालणार न्हाई. तो गॅस खाली बसतो, हा वर चढतो. याची मशीन येगळी, जागा बी येगळी."

"ऑफिसाच्या दाराशी?" द्वारकाबाई मागून म्हणाली. "गॅस काय आधी तुमच्याकडं हजेरी लावून मंग आमच्याकडं येणाराय?"

बाया खुदखुदल्या. काकासाहेबांना मिरच्या झोंबल्या.

"बरं! लागू द्या शर्यत. अकिबची मशीन आधी बोलली तर चार लावतो. बाई आधी बोलल्या तर एकबी न्हाई, आन् ही रोजची पळापळ बी बंद."

"कबूल," द्वारकाबाई लगेच म्हणाली. "तुम्हीबी सगळ्यांसमोर कबूल म्हणा."

"कबूल!"

हॉलाच्या मधोमध स्टूल ठेवलं. वंदनानं सासूच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. अकिबनं यंत्र एका खुंटीला टांगलं आणि कोपऱ्यात जाऊन पातळ केलेल्या अमोनियाची चिमुकली बाटली उघडली.

थोड्या वेळानं पुढच्या बायांनी नाकाला पदर लावले. मग मागच्यांनी. काकासाहेबांनीही रुमाल काढला. द्वारकाबाई मात्र हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. आणि यंत्र कर्कश ओरडायला लागलं.

"मला इथवर वास आला, बाई!" काकासाहेब भडकले. "तुम्ही मुद्दाम हारल्या!"

द्वारकाबाईनं रुमाल सोडला. "हारले तर हारले. चार लावा."

"ही बेइमानी हाय!"

"आन् वीस बायांना एका नाकाच्या भरवशावर बसवायचं, त्याला काय म्हणावं मंग?"

एवढ्या जणींसमोर दिलेला शब्द मोडणं काकासाहेबांना जमलं नाही. आठवड्यात चारही यंत्रं लागली. दर सहा महिन्यांनी ती तपासून घ्यायची, असं अकिबनं सांगताच द्वारकाबाईनं पुढची तारीख खडूनं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकली.

"काय नाटक केलं आत्याबाई!" यंत्रं लागली त्या संध्याकाळी घरी जाताना वंदना हसून म्हणाली. द्वारकाबाईही हसली. त्या दिवशी तिला खरंच आभाळ ठेंगणं झालं होतं.

मस्तगडातल्या घरी पोचल्यावर वंदना दूध आणायला गेली. द्वारकाबाईनं शेगडीवर चहाचं पाणी ठेवलं आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन शर्यतीची गोष्ट सांगत बसली. गोष्ट चांगलीच रंगली. परत येऊन बघते तर वाऱ्यानं शेगडी विझलेली. तिनं लायटर उचललं.

"आत्याबाई, थांबा!"

वंदनानं दारातूनच दुधाची पिशवी फेकली, धावत येऊन लायटर हिसकावलं, शेगडीचं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली.

"गल्लीपस्तोर वास येऊन राह्यला गॅसचा! तुम्ही आत उभ्या, आन् तुम्हाला कळंना?"

द्वारकाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"दोन वर्षं झाले, वंदना. त्या तापापासून मला कशाचाच वास येत न्हाई."

"मंग मालकाला कामून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर त्यानं दुसरं नाक धुंडलं असतं."