विकायची नसलेली पोथी

"ती विकायची नाही," हरिहर म्हणाला आणि त्याने लाल बासनावर हात ठेवला.

नत्थुजीचा संशय तिथेच पक्का झाला. जुन्या पोथ्यांच्या दुकानात विकायची नसलेली पोथी कशाला? शिवाय बासनावरचा तेलाचा डाग त्याच्या ओळखीचा होता. बाप रोज सांजेला दिव्याजवळ हीच पोथी वाचायचा. तिच्यावर बोट फिरवूनच नत्थुजी अक्षरं शिकला होता.

"माह्या घरची पोथी हाये ही, महाराज. तुमच्याकडे कशी आली?"

"ठेवायला दिलीय."

"कोनं?"

हरिहर दुसऱ्या हाताने पुढ्यातल्या पोथ्यांवरची धूळ झटकू लागला. "नाव सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, पाटील."

"चोर शपथ घालनारच!"

नत्थुजीचा आवाज चढला तशी गल्लीतली माणसं डोकावू लागली. हरिहरचा चेहरा उतरला, पण बासनावरचा हात हलला नाही.

चोर कोण, हे नत्थुजीला ठाऊकच होतं. सातासमुद्रापार कुठे लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. बघता बघता नत्थुजीची माडी उठली, दाराशी घोडं आलं. परवा नवं शिसवी कपाट लावताना पोथीचा कोनाडा रिकामा दिसला. पोथी कधी गेली, कोणालाच सांगता येईना. घरात वावर होता तो चंद्रभान गड्याचा. नत्थुजीने त्याला उभ्या पायी हाकलून दिलं.

"त्यानं नाई नेली रे," माय सारखी म्हणत राहिली.

पण मायचं, मैनाबाईचं, मन हळवं. त्यात डोळ्यांत फूल पडलेलं. दर बाजारी गाडीत बसून अकोल्याच्या वैद्याकडे औषधाला यायची. तिला काय कळणार?

"ठेवनारा परत येते का नाई?"

हरिहरने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "आज बाजार आहे. येणं होईलच."

"मंग बसतो मी. खूण कराल तर याद राखा."

पोथ्यांच्या चळतीआड, कोपऱ्यात, तो दांडकं मांडीवर घेऊन बसला. चंद्रभान आत आला की आधी मानगूट धरायची, मग बोलायचं.

"पाटील, माझं ऐका. तुम्ही घरी जा," हरिहर काकुळतीला येऊन म्हणाला.

म्हणजे हाही सामील! नत्थुजी चळतीआड आणखी सरकला.

पायरीवर पाऊल वाजलं. नत्थुजी दांडकं उगारून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

भिंत चाचपत मैनाबाई आत आली.

"आजी, आज नको," हरिहर घाईने म्हणाला.

"काहून? कोनी हाये काय?" तिने मिचमिच्या डोळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून खाली बसली. "बसू दे गिऱ्हाइकाले. आयकू दे त्याले बी. तू वाच, बाबा. माह्या लेकाले वाचून दाखवाले येळ भेटत नाई."