पितळी पाटी

‘गुन्नारसन परिवार’ अशी पितळी पाटी सांगलीत कोरून घेऊन मी लेकीकडे आइसलँडला आलो. पाटी पाहून लेकीला हसू आवरेना.

“बाबा, या घरात गुन्नारसन फक्त तुमचे जावई. गुन्नारचा मुलगा, म्हणून गुन्नारसन. यांचं नाव एनार, म्हणून आपली ईवा एनारस्दोत्तिर, एनारची मुलगी. आणि मी अजून बिवलकरच.”

“तीन माणसं, तीन आडनावं? मग घराण्याचं नाव कुठलं?”

“तसलं काही नसतंच इथे.”

माझं डोकंच चक्रावलं. घराण्याचं नाव नाही, तर माणूस कुठला, कुणाचा, हे कळायचं कसं? जावई मात्र निवांत मासे तळत होता.

नऊ वर्षांची ईवा शाळेसाठी वंशवृक्ष काढत बसली होती. मोडक्या मराठीत म्हणाली, “आजोबा, इथे आईचं नावपण लावतात. तुम्हाला लावू? तुमच्या आईचं नाव काय?”

“पार्वती,” मी लगेच म्हणालो. मग अडखळलो. “नाही, थांब. ते लग्नात माझ्या वडिलांनी ठेवलेलं. तबकात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं वेगळं होतं.”

“कुठलं?”

मी लेकीकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

ईवा कागदावर पेन्सिल टेकवून थांबली होती. तीन आडनावांवरून मी एवढा तणतणलो होतो. पण पंचावन्न वर्षं एका घरात राहून आईला तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.