अर्ध्या डॉलरची बाणाई

दुकानदार पोपटरावांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि गिताबाईचा जीव टांगणीला लागला. नाणं कसलं, देव्हाऱ्यातली बाणाईच ती! खंडोबाची धनगरीण राणी. सासूच्या काळापासून देवाशेजारी बसलेली.

शिरूरच्या पेठेतलं हे जुन्या नाण्यांचं दुकान तिच्या लेकानं, सुरजनं मोबाईलवर हुडकलं होतं. असल्या अमेरिकन नाण्याला लाख मिळतात, हेही त्याला मोबाईलनंच सांगितलेलं. तेव्हापासून पोराच्या डोळ्यांपुढं नवी पिकअप उभी होती. घरून निघताना मायलेकात बोली झाली. लाख आले तर नाणं त्याचं. कमी आले तर देव्हाऱ्याकडं पुन्हा हात न्यायचा नाही.

"अमेरिकेचा अर्धा डॉलर," पोपटराव म्हणाले. "उगवतीकडं निघालेली बाई. अंगावर झेंडा पांघरलाय, हातात डहाळ्या."

"डहाळ्या शेरडांसाठी," गिताबाईनं सांगून टाकलं. "मेंढरांमागं निघालीय ती."

पोपटराव हसले नाहीत, हे त्यांचं शहाणपण. त्यांनी नाणं उलटंपालटं केलं. "पण झेंड्याच्या घड्या कुठंयत? चेहरा सपाट, साल पुसलेलं. मावशी, काय केलंत हो हिचं?"

"काय म्हंजी? दर चंपाषष्ठीला चिंच लावून राखेनं घासती. सासूबी घासायची."

"तिथंच घात झाला! घासलेल्या नाण्याला शौकीन हात लावत नाहीत. नक्षीचं मोल गेलं. आता फक्त चांदीचा भाव, वजनावर. वितळवायलाच जाईल हे."

सुरजची पिकअप जागच्या जागी पंक्चर झाली. "आये, देवाला कुणी येवढं घासतं व्हय?" तो कळवळून म्हणाला. पण गडी शब्दाचा पक्का. मान खाली घालून बाजूला सरला.

गिताबाईच्या छातीत मात्र धनगरी गजनृत्याचे ढोल घुमायला लागले. दोन बायकांच्या हातांनी घासघासून देवी घरातच राखली होती! तिनं भिंगाखालून नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकात बांधून घट्ट गाठ मारली.

"मावशी, थोडं वाढवून देतो," पोपटराव मागून म्हणाले. "पण किती झिजलंय, बघा तरी!"

"झिजंल न्हाईतर काय?" पायरी उतरता उतरता गिताबाई म्हणाली. "अमेरिकेपासनं चालत आलीय ती. आता बसू द्या की जरा तिला."