उघड्या खिडक्या

१९८९च्या डिसेंबरात, पहाटे साडेपाचला, डोंबिवलीतल्या योगवर्गात कारखान्याचा उग्र वास शिरला. दोघीतिघी खिडक्या लावायला उठल्या.

"बसा. बंद खोलीत मी प्राणायाम शिकवत नाही," नीलाताई म्हणाल्या.

पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक टिपणीस होते. "अहो, नुसता वास आहे. त्यानं कुणाला काही होत नाही."

"मग दीर्घ श्वास घ्या."

शिकवताना नीलाताई चेहऱ्यांकडे बघत नसत, बरगड्यांकडे बघत. खोकत खोकत का होईना, सगळ्यांच्या बरगड्या फुलल्या. टिपणिसांच्या हलल्याच नाहीत.

"टिपणीस, श्वास का रोखलात?"

"बाई, हा हॉल माझा आहे."

"हवाही तुमचीच आहे. घ्या."

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप होतं. वर्ग कारखान्याच्या फाटकासमोर भरला. पहिल्या रांगेत नीलाताईंनी टिपणिसांसाठीही सतरंजी अंथरून ठेवली.