उशाखालचा ठराव

वाघेली बंदरात कुठलाही ठराव सगळ्या गावाने एक रात्र उशाला घेऊन झोपल्याशिवाय मंजूर होत नसे. उशीतलं यंत्र तो ठराव स्वप्नात लागू करी आणि माणसांच्या जागा बदलून टाकी.

या खेपेला सरपंच दाजीबा तांडेलांनी एकट्याच्या सहीने ठराव आणला होता, पर्यटकांना वास येतो म्हणून किनाऱ्यावर बोंबील वाळवायला बंदी. म्हणजे बोंबील वाळवून विकणाऱ्या हिरूबाईच्या पोटावरच पाय.

सकाळच्या सभेत सरपंच स्वतःची बोटं हुंगत बसले होते.

"साबण लावून पाहिला का?" हिरूबाईने विचारलं.

"तीनदा. स्वप्नात मी तूच होतो ना. बोंबील पाखरांसारखे उडून चालले होते, मी पाया पडत होतो, आणि सरपंच ऐकेचना."

"सरपंच मीच होते, दाजी."

"ओळखलं मी. फार माजली होतीस."

सभा हसली. हिरूबाई हसली नाही.

"तुम्ही रडत होता आणि मला गोड वाटत होतं," ती हळूच म्हणाली. "हा ठराव पडू दे. पण किनाऱ्याचा ठराव एकट्याच्या सहीने आणायचा नाही, असंही लिहा. उद्या मीसुद्धा निवडून येईन."