नजरेपुढची जागा

टेबलावरच्या वीस-बावीस कॅसेटींमधून फकरोद्दीन सरांनी नेमकी तुळजाचीच उचलली. नावाची चिठ्ठी तिनं घरीच खरवडून काढली होती, त्यामुळे कुणाची ते वर्गाला कळणार नव्हतं, एवढाच आधार. घरात असेल ती कॅसेट आणा, शॉट ओळखायला शिकू, असं सर म्हणाले होते. आता जालन्यात कुणाच्या घरात लग्नाशिवाय दुसरी कॅसेट असते? सगळ्यांनी लग्नंच आणली होती.

एरवी तिला एवढी धास्ती वाटली नसती. पण आज शेवटच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. मच्छिंद्र रोज नवीन जालन्यातल्या या कॉलेजच्या फाटकाबाहेर मोटारसायकल लावून टपरीवर थांबायचा. आज ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून शिपायानं त्याला कौतुकानं आत आणून पंख्याखाली बसवलं. सोडायला आणि न्यायला मीच येणार, या अटीवर त्यानं तिला हा व्हिडिओ शूटिंगचा कोर्स करू दिला होता. करू दिलेलं तो केव्हाही बंद करू शकत होता, हे दोघांनाही माहीत होतं. कोर्सचे चार महिने राहिले होते.

सरांनी खिडक्या लावल्या. टीव्हीवर मांडव दिसला. मुंडावळ्यांआडही मच्छिंद्रनं स्वतःला ओळखलं, सावरून बसला, मिशीवरून बोटसुद्धा फिरवलं.

"हा लांबचा शॉट," सर म्हणाले. "जागा कळते, माणसं कळतात. आता कॅमेरा जवळ आला. नवरदेव कुठंय?"

"मधोमध!"

"आणि नवरी?"

"कडंला, सर," संपत म्हणाला. "खांदा तर कापलाच बिचारीचा."

वर्गात हशा पिकला. मच्छिंद्रही हसला. तुळजाला जरा हायसं वाटलं.

मग कॅमेरा नवरीच्या तोंडाशी गेला. बाशिंग, मुंडावळ्या आणि हळदीनं तो चेहरा असा झाला होता, की रोजच्या सहवासातल्या माणसाशिवाय कुणी ओळखू नये. शेजारच्या शकीलानं ओळखला. तिनं बाकाखाली तुळजाचं मनगट धरलं.

"तुळजा, ये तो तू है."

"चूप बस."

कॅसेटमधून कॅमेरावाल्याचा आवाज आला, "नवरीबाई, इकडं बघा!" नवरीनं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. पुन्हा "इकडं बघा", पुन्हा तेच. सरांनी तिथंच चित्र थांबवलं. नवरीच्या तोंडावरून पांढऱ्या रेघा थरथरत राहिल्या.

"माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडायची असते. नजरेपुढची जागा. इथं ती सोडलेली नाही. पोरीची नजर सरळ चौकटीवर जाऊन आपटते. काय वाटतं बघून?"

"कोंडल्यासारखं," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"शाब्बास. आता सांगा, चौकटीच्या बाहेर तिकडं काय असेल?"

"दार."

"तिची आई उभी असंल."

"तिचा कोणीतरी उभा असंल, सर!" संपत म्हणाला. वर्गाला हसवण्याचा मक्ता त्यानं घेतलेलाच होता.

पोरं खदाखदा हसली. या वेळी मागच्या बाकावरून हसणं ऐकू आलं नाही.

तिकडं काय होतं, ते या खोलीत एकट्या तुळजाला माहीत होतं. लग्न कुंभार पिंपळगावला, शाळेच्या पटांगणात लागलं होतं. दोन दिवसांनी त्याच शाळेत बारावीची परीक्षा सुरू होणार होती. व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं बैठक क्रमांक लिहून ठेवले होते आणि बाशिंगाच्या आडून तिला तिसऱ्या ओळीतला आपला नंबर स्पष्ट दिसत होता. त्या नंबराच्या बाकावर कुणीच बसलं नाही. पुढच्या वर्षी हातापाया पडून तिनं बाहेरून परीक्षा दिली.

उठून सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण उठली असती तर नवरी कोण ते कळलं असतं, आणि नवरदेव मागेच बसला होता. गप्प बसली तर संपतचं उत्तर खरं ठरत होतं. ती गप्प बसली.

"घरून अर्धं पान लिहून आणा," सर म्हणाले. "चौकटीबाहेर काय आहे?"

तास सुटला. फाटकाबाहेर मच्छिंद्रनं गाडी वळवली. गाडीवर बसला, ती मागे बसली. किक मारायच्या आधी त्यानं आरसा धरला. थोडा वर केला, थोडा आत वळवला, तिचा चेहरा बराबर मधोमध येईपर्यंत.

"कोण व्हतं तिकडं?"

"फळा होता. परीक्षेचा. माझा नंबर लिहिला होता त्याच्यावर."

"फळा." त्यानं किकवर पाय ठेवला. "नवरी मांडवात उभी राहून फळा बघून राह्यल्ती."

"खरंच सांगते, तुमची शपथ."

"किती महिने हायेत अजून कोर्साचे?"

"चार."

"बघू."

खरं बोलून खोटं पडल्याचा तिला इतका राग आला, की डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून तिनं मान वळवली. फाटकातून शकीला बाहेर येत होती, छातीशी वह्या धरून.

"तिकडं न्हाई," मच्छिंद्र आरशात बघत म्हणाला. "इकडं बघ."