नवा कमोड

स्वमग्न अंगदला संडासात बसायची सवय लावता लावता ज्योतीच्या नाकी नऊ आले होते. पोरगं कुठं आपापलं जायला लागलं, तर पुण्याची धाकटी सून येणार म्हणून सासूनं, केशरबाईंनी, मिरजगावच्या गवंड्याकडून जुनं, खाली बसायचं भांडं फोडून घेतलं आणि तिथं कमोड बसवला. तो दिसला की अंगद कान झाकून किंचाळायचा, पळायचा आणि चड्डीतच करायचा.

"सात वर्साचं घोडं झालं, अजून घाण करतंय!" केशरबाई भर अंगणात कडाडल्या. "पाव्हनं यायच्या आत याला एखाद्या संस्थेत धाडून दे. न्हाईतर तू बी चालती हो त्याच्यासंगं!"

ज्योतीचा नवरा मान खाली घालून मोबाईल बघत बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगद तुरीच्या रानाकडं पळाला, त्याच्यामागं ज्योती धावली. बांधावर समोरून केशरबाईच येत होत्या, हातात टमरेल. त्यांनी ते पदराआड लपवायला बघितलं, पण उशीर झाला होता.

"त्या खुर्चीवर बसून मला होतच न्हाई गं," त्या पुटपुटल्या.

ज्योतीनं अंगदचा हात घट्ट धरला.



"मग आत्याबाई, तुमाला कुठल्या संस्थेत धाडू?"